आधी छप्पर, मग गाडी

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझं वय ५३. मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये तीस वर्षं काढली, आता पावसजवळ वडिलांनी लावलेली कलमं बघतो. वडील पूर्वी मुंबईत एका शेटजींकडे ड्रायव्हर होते. एका मे महिन्यात शेटजी गणपतीपुळ्याला आले तेव्हा त्यांची लाल, उघडी ब्रिटिश एमजी गाडी वडील चालवत होते. ती दहा मिनिटं आमच्या दारात उभी होती आणि त्या दहा मिनिटांत मी तिच्यात बसलो होतो. तेव्हापासून उघड्या दोन-सीटर गाडीचं मनात आहे.

आता मुंबईत त्याच कंपनीची १९७१ची एमजीबी मिळते आहे. दुसरीकडे २०१९ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, एम-४०-आय, पहिल्याच मालकाकडची, २१ हजार किलोमीटर चाललेली. जुनीची किंमत नवीच्या साधारण निम्मी. जुनीचा मालक म्हणतो, गंज लागू नये म्हणून खालून नुकतंच कोटिंग करून घेतलंय, नव्यासारखी आहे. आमची सौ. म्हणते, घ्यायचीच तर नवी घ्या, घाटात रात्री अडकायची माझी तयारी नाही. घरात एर्टिगा आहेच. ही गाडी अंगणात मांडवाखाली ठेवीन. फिरणं म्हणजे रत्नागिरी, गणपतीपुळे, कधी आंबा घाटातून कोल्हापूर, वर्षातून एकदा मुलाकडे पुण्याला. काय करू?

एक बागायतदार, पावस परिसर

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या लाल एमजीतल्या दहा मिनिटांपाशी थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो ते दोन साध्या शब्दप्रयोगांपाशी: ‘नुकतंच कोटिंग’ आणि ‘अंगणात मांडवाखाली’. माझं बहुतेक उत्तर या दोहोंबद्दलच आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. जुनी घ्या. पण आत्ता घेऊ नका, आणि कदाचित हीच घेऊ नका.

झेड-फोरला मी नावं ठेवणार नाही. फार चांगलं यंत्र आहे ते. एका ओळीत सहा सिलिंडरचं २९९८ सीसीचं इंजिन, ३४० अश्वशक्ती, आणि ताशी पन्नासच्या आत चालत्या गाडीतही दहा सेकंदांत उघडणारं कापडी छप्पर. तुम्ही दर आठवड्याला पुण्याला जाणारे असतात तर मी डोळे मिटून तीच घ्या म्हटलं असतं. एअरबॅग आहेत, एबीएस आहे, पावसात निसरड्या वळणावर गाडी सावरणारी यंत्रणा आहे. या गोष्टींची किंमत मी कधीच कमी लेखत नाही.

पण पावस-रत्नागिरी रस्त्यावर ३४० अश्वशक्तीचं करायचं काय? पुढे एसटी, तिच्यापुढे आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो, वळणावर रवंथ करत बसलेली गुरं. आरे-वारेच्या चढावर खाली समुद्र दिसायला लागला की चाळीसच्या वर जावंसंही वाटत नाही. झेड-फोर चाळीसला झोपलेली असते; तिला जाग येते त्या वेगाला आपल्याकडे रस्ता नाही. एमजीबी मात्र त्याच चाळीसला पुरती जागी असते. स्टिअरिंगमधून खडी हाताला लागते, गिअर आपण टाकायचे, एक्झॉस्टचा आवाज शेजारच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटून परत कानात येतो. नव्वदच्या थोडी वर अश्वशक्ती आणि साधारण सव्वानऊशे किलो वजन. एवढी शक्ती आपल्या रस्त्यावर शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येते, आणि आनंद त्यातच आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या हातांची. तीस वर्षं तुम्ही यंत्रं उघडून, ऐकून, हात लावून दुरुस्त केलीत. झेड-फोरचं बॉनेट उघडलंत तर वर प्लास्टिकची झाकणं दिसतील आणि खाली लॅपटॉपशिवाय न बोलणारी इलेक्ट्रॉनिक्स. दिवा लागला की घाट ओलांडून किंवा गोव्याला जायचं. स्टेपनीही नाही. एमजीबीत किल्ली फिरवलीत की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते, कार्बोरेटर भरले की ती मंदावते. टकटक थांबलीच नाही तर कुठे पाहायचं हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. आणि एक गोष्ट कदाचित तुम्हाला माहीत नसेल: आपल्या अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली आहेत, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची. सुटे भाग एकमेकांना बसतील असं नाही, पण ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आयुष्यभर पेट्रोल अँबॅसॅडरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, जुळवले त्याला हे इंजिन परकं वाटणार नाही. असा मिस्त्री तुमच्या पंचक्रोशीत अजून असेल, तर तो दुकान बंद करायच्या आत त्याच्याशी ओळख वाढवा.

तिसरी गोष्ट, एर्टिगा. दवाखाना, स्टेशन, लग्नकार्य, पुणे हे सगळं ती करते. म्हणजे ‘भरवशाची गाडी’ तुमच्या घरात आधीच आहे. दुसऱ्या गाडीने भरवशाची परीक्षा पहिल्या नंबरात पास व्हायची गरज नाही. तिने रविवारी सकाळी तुम्हाला अंगणातून बाहेर काढलं पाहिजे, एवढंच तिचं काम.

आता ‘नुकतंच कोटिंग’.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली, बंद छपराची कूपे धरून पाच लाखांच्या वर. तिला जुन्या जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसी, आणि वर छप्पर नसल्यामुळे बहुतेक भार दारांखालच्या दोन सिलवर येतो. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी ती एक पट्टी नव्हे; आत एकात एक पत्रे जोडून पोकळ पेटी केलेली असते. पाणी आणि माती त्या पोकळीत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आत फार काही उरलेलं नसतं. जहाजाच्या बॅलास्ट टँकमध्ये, तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीत, तुम्ही हेच पाहिलं असणार.

विकायच्या आधी खालून ताजं, जाड, काळं कोटिंग मारलेली गाडी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. ते चांगल्या हेतूनेही केलेलं असू शकतं. पण चांगल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग आणि सडलेल्या पत्र्यावर, पुट्टीवर मारलेलं कोटिंग वरून एकसारखंच दिसतं.

२००६ साली मी पुण्यातून अशीच एक उघडी जुनी गाडी घेतली होती. खालून काळी कुळकुळीत. विकणाऱ्याने हौसेने वाकून दाखवली होती आणि मीही हौसेने पाहिली. एक पावसाळा ती माझ्या घरी, समुद्रापासून दोन किलोमीटरवर उभी राहिली. दिवाळीच्या सुमारास पंक्चर काढायला जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागची हलली नाही. जॅकचं डोकं सिलमधून आत शिरलं होतं आणि कोटिंगची साल खाली लोंबत होती, आत तांबडा भुगा. माझे वडील तेव्हा ओट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. ती गाडी मी तीन वर्षं पत्रा बदलत बसलो आणि शेवटी अर्धवट विकली. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हा भाग लांबवतो आहे.

मुंबईला जाताना खिशात एक चुंबक न्या, सोबत मऊ पंचा, टॉर्च आणि एक चांगला जॅक. चुंबक पंच्यात गुंडाळून दोन्ही सिलवरून, चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मालकाच्या परवानगीने गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं दार उघडून लावून पाहा. खाली असताना सहज लागणारं दार वर घेतल्यावर घासायला लागलं, दाराच्या फटीची रुंदी बदलली, तर सांगाडा वाकतो आहे. मग रंग, सीट, क्रोम काहीही बघायचं कारण नाही. चहा पिऊन परत या. सीटच्या मागे बॅटऱ्यांची जागा आहे. त्या सालच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या पेट्यांतून टॉर्च मारा, तिथे ॲसिडने आणि पाण्याने तळ गेलेला असतो. गालिचा उचलून फ्लोअर पाहा. मालकाने गालिचा उचलू दिला नाही तर तेच उत्तर समजा.

आणि कोटिंग एक-दोन ठिकाणी खरवडू द्या असं स्पष्ट विचारा. पत्रा खरंच चांगला असेल तर माणूस हो म्हणतो. काम करतानाचे फोटो असतील तर तेही दाखवेल. इतका खर्च केलेला माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही.

इंजिनचं मी एवढं मनावर घेत नाही. तेल जळत असेल, गिअर कुरकुरत असेल, ते सगळं दुरुस्त होतं आणि तुम्ही स्वतः कराल. एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग ब्रिटनमध्ये अजून नवा मिळतो, अगदी आख्खा सांगाडासुद्धा १९८८ पासून पुन्हा बनवून विकला जातो आहे. मागवायला कस्टम्स ड्युटी आणि वाट बघणं, दोन्ही लागतं. पण मागवून आणलेला सिल नीट जोडणारा, दारांच्या फटी सांभाळून वेल्डिंग करणारा माणूस रत्नागिरीत कुरिअरने येत नाही. म्हणून तुम्हाला थकलेल्या इंजिनची आणि धडधाकट पत्र्याची गाडी हवी. उलटी नको.

आता मांडव. हे तर मी तुम्हाला सांगायचं म्हणजे काय! आपल्याकडे मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. होडी तर पाण्यासाठीच केलेली, तिलाही आपण पावसात उघडी ठेवत नाही. मग पन्नास वर्षांहून जुना पत्रा मांडवाखाली? पावसचा वारा आठ महिने मीठ आणतो आणि चार महिने मीठ आणि पाणी दोन्ही.

आधी तिला खोली बांधा. गाडी ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरभर रुंद आहे. अठरा बाय अकरा फूट पुरेल, भोवती वाकून काम करायला जागा राहील. जोतं अंगणापेक्षा फूटभर उंच घ्या, खाली काँक्रीट घालताना जाड प्लास्टिकचा थर द्या म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. दार नैर्ऋत्येला ठेवू नका, तिकडूनच झड येते. वर शक्य असेल तर कौलं घाला. नुसत्या पत्र्याखाली पहाटे दव साचून थेंब पडतात, आणि ते नेमके गाडीवर पडतात. हवा खेळती हवी म्हणून वर जाळी ठेवा, पण बारीक. उंदरांना वायरचं आवरण फार आवडतं. प्लास्टिकचं कव्हर आणू नका. त्याच्या आत गाडीला घाम येतो. सुती चादर बरी. कापडी टप ओला असताना कधीच घडी करू नका.

पावसाळ्यात रोज दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साचतं. एकतर कोरडा दिवस बघून अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

पेट्रोलचीही गोष्ट याच ओलीशी जोडलेली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे ओल किती हे वेगळं सांगायला नको. टाकी अर्धी ठेवून गाडी जून ते सप्टेंबर उभी केलीत तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि टाकीचा तळ आतून खातं. जुने रबरी पाइप आणि गास्केट इथेनॉलने फुगतात, मऊ होतात, चिरतात. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. घेतल्या घेतल्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल चालणारे बसवा, ते फार खर्चाचं काम नाही. कार्बोरेटरची सुई थोडी जास्त पेट्रोल देणारी लागेल, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. ब्रेक ऑइलही ओल ओढतं. कोकणात ते दर वर्षी बदला. आंबा घाट उतरताना पेडल मऊ पडलं की काय होतं ते मला पुन्हा अनुभवायचं नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. बाहेरून आलेली गाडी आहे, कस्टम्सचे मूळ कागद मागा. नोंदणी चालू आहे का, पाच वर्षांचं नूतनीकरण कधी झालं ते पाहा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी आणि दहा वर्षांची मुदत. ऐकायला छान वाटतं, पण त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला रविवारी गणपतीपुळ्याला जायचं आहे. तेव्हा साधी नोंदणी टिकवा, आणि या गाडीची आधीच व्हीए झालेली नाही ना हे पैसे देण्यापूर्वी विचारा. विम्यात गाडीची किंमत परस्परसंमतीने ठरते. ती हट्टाने आणि फोटोंनिशी लिहून घ्या, नाहीतर कागदावर तुमची गाडी भंगाराच्या भावाची राहील.

आणि आता वहिनींचं.

त्यांचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. मला ती ओळ सगळ्यात खरी वाटली. एमजीबीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि कंटेनरच्या ड्रायव्हरला ती आरशात दिसतही नाही. महामार्गावर रात्री तिच्यात बसायला मीही तयार होणार नाही. तेव्हा त्यांची समजूत काढू नका. त्यांच्याशी ठरवून घ्या, आणि गाडी घ्यायच्या आधी ठरवून घ्या: सूर्यास्तानंतर ही गाडी घाटात नाही. पावसात नाही. पुण्याला एर्टिगाच. कोल्हापूरला गेलात तर सकाळी निघून उजेडात परत, आणि पहिल्या वर्षी तेही नको, आधी गाडीची ओळख होऊ दे. एवढं पाळलंत तर त्यांची भीती बऱ्याच अंशी निराधार होते, कारण ज्या जागी त्यांना अडकायचं नाही तिथे गाडी जाणारच नाही.

मुंबईला जाताना त्यांनाही न्या. सीट फार खाली आहे. गुडघ्यांना उठबस जमते का ते त्यांनी स्वतः बसून पाहावं. जमत नसेल तर गाडी कितीही चांगली असो, ती तुम्ही एकटेच चालवाल, आणि दोन-सीटर गाडीची दुसरी सीट वर्षानुवर्षं रिकामी राहणं मला तरी बघवत नाही.

कुणी म्हणेल, एवढा व्याप करण्यापेक्षा नवी बरी. झेड-फोरलाही खारा वारा लागतो, तिलाही ती खोली लागेलच. ती जमिनीपासून साडेचार इंच वर आहे. जयगडहून तवसाळला जायचं म्हटलं तर जंगलजेट्टीच्या, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या, उतारावर तिचं नाक घासणार. एमजीबीही काही फार उंच नाही, पाचेक इंच. पण तिचा बंपर घासला तर तुम्ही तो काढून, ठोकून, पुन्हा बसवाल. झेड-फोरचा घासला तर तुम्ही विम्याचा फॉर्म भराल. तुमच्यासारख्या माणसाला यातलं कोणतं काम आवडेल हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं.

तेव्हा क्रम असा धरा. जोत्याची दोरी या महिन्यात मारा. मुंबईच्या मालकाला फोन करून कोटिंगच्या आधीचे फोटो मागा आणि खरवडू देणार का ते विचारा. नाही म्हणाला तर दुसरी एमजीबी शोधा. कौलं चढेपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. हो म्हणाला तर चुंबक घेऊन जा. आणि मला पुढचं पत्र लिहाल तेव्हा गाडीचा रंग कोणता ते शेवटी लिहा, आधी दोन्ही सिलवर चुंबक कुठे कुठे सुटला ते लिहा.